चपला काढायची जागा

किलोंझो नावाचा मोजणीवाला आमच्या जंगलात आला तेव्हा त्याने बूट काढले होते. हे मी आधीच सांगून टाकते. पुढे मी सरकारी माणसांना शिव्या घालणार आहे, आणि त्यातल्या एकाने तरी सांगितल्याबरोबर निमूट बूट काढले होते, हे माझ्या रागाच्या भरात राहून जायला नको.

काया मुयुनीच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे. काया म्हणजे आमच्या पूर्वजांचं गाव. गाव कधीच उठून खाली आलं, वर उरलं ते जंगल, आणि जंगलात उरले ते पूर्वज. त्या दगडावर चपला काढायच्या, डोक्यावरची टोपी काढायची, खांद्यावर काळं कापड घ्यायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. आतून वाळकी काडीसुद्धा बाहेर आणायची नाही. लहानपणी आम्ही दगडावरच्या चपला बघून सांगायचो, आज आत कोण कोण आहे. चितेम्बेमामाची चप्पल मोटारीच्या टायरची होती, अंगठ्याशी तारेने आवळलेली. ती रोज दिसायची.

चितेम्बे माझ्या आईचा भाऊ. आमच्या दिगो लोकांत बापापेक्षा मामाचा शब्द मोठा, आणि माझा मामा तर कायाचा मुख्य राखणदार. फिंगो कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. पहिले लोक उत्तरेकडून आले तेव्हा त्यांनी एक मडकं बरोबर आणलं आणि जंगलाच्या पोटात पुरलं, तो फिंगो. मडक्यात काय आहे ते मामालाही माहीत नव्हतं. जागा तेवढी माहीत होती, तीही त्याच्या मामाने मरताना कानात सांगितलेली. बाकी गावाने कधी विचारलं नाही. जंगल फिंगो राखतो, आणि फिंगोला राखायचं म्हणजे तो कुठे आहे याची चौकशी करायची नाही, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळायचं.

किलोंझोला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा चांगल्या मनाने आला होता. आमच्या कायात म्हणे असं एक झाड आहे जे जगात दुसरीकडे कुठेच नाही. धनेश आहेत, काळी-पांढरी लांब शेपटीची माकडं आहेत, सोंडेसारखं नाक असलेली चिचुंद्री आहे. हे सगळं नकाशावर राखीव करायचं होतं.

"म्हातारबा," तो मामाला म्हणाला, "या जंगलाचं काळीज कुठे आहे तेवढं दाखवा. त्याच्याभोवती हद्द आखतो. मग कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही."

मामाने खांद्यावरचं काळं कापड नीट केलं आणि म्हणाला, "चला."

आणि त्याला पूर्वेला घेऊन गेला. समुद्राच्या अंगाला, जुन्या विहिरीजवळच्या चिंचेखाली.

परक्याने विचारलं तर परकी जागा दाखवायची, ही आमची रीत. मामाला त्याच्या मामाने शिकवलेली, त्याला त्याच्या मामाने. गोऱ्यांचे साहेब आले तेव्हाही तसंच केलं, त्याच्या आधी गुलाम धरणारे आले तेव्हाही. याला आमच्यात खोटं म्हणत नाहीत. दारात आलेल्या अनोळखी माणसाला कुणी झोपायची खोली दाखवतं का?

मामाने चिंचेखाली गुलाबपाणी शिंपडलं, धूप लावला, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटला. किलोंझो अनवाणी पायांनी, हात जोडून उभा. मग त्याने आपलं यंत्र काढलं आणि चिंचेची जागा टिपून घेतली.

दुपारी मामाच्या अंगणात चहा आणि महामरी, म्हणजे आमचे तळलेले गोड वडे. नारळाच्या दुधातली महामरी फुगली होती आणि म्वाकोयोकाका हसून हसून बेजार झाला होता. म्वाकोयो मामाचा जन्माचा दोस्त, कायाचा दुसरा राखणदार, आणि गावातलं सगळ्यात वाईट तोंड.

"काय पुटपुटत होतास रे एवढं?"

"माझ्या बोटीच्या भागीदारांची नावं," मामा म्हणाला.

"आणि तो मान खाली घालून ऐकतोय! म्वानामिसीच्या बकरीने जिथे काल लेंड्या टाकल्या तिथे!"

"माझ्या बकरीचं नाव काढू नकोस," चहा गाळता गाळता म्वानामिसीमामी ओरडली. "आता ती सरकारी बकरी झाली."

अख्खं अंगण हसलं. मीही हसले.

मला जंगलापेक्षा खडकाची काळजी होती. आमच्या किनाऱ्यासमोर प्रवाळाचा खडक आहे. ओहोटीला बायका पायांनी तिथवर जातात, दगडांच्या बिळातून काठीने अष्टपाद ओढून काढतात. मी अकराबारा वर्षांची असल्यापासून जाते. एक काळ असा आला की दिवसभर काठी खुपसून संध्याकाळी मूठभर शिंपले घेऊन घरी यायचं. बारीक जाळी, सुरुंग, विष, सगळं झालं होतं. तेव्हा आम्ही बायकांनी उचल खाल्ली आणि खडकाचा दक्षिणेचा तुकडा बंद करायला लावला. तिथे जाळं नाही, काठी नाही, पायसुद्धा नाही.

मच्छीमारांनी हे ऐकलं ते काही आमच्या सुंदर तोंडाकडे बघून नव्हे. मामाने प्रत्येकाला कायाच्या दगडापाशी नेलं, अनवाणी उभं केलं, दगडावर हात ठेवायला लावला आणि फिंगोची शपथ घ्यायला लावली. जो बंद खडकावर जाळं टाकेल त्याला फिंगो बघून घेईल. काय बघून घेईल हे कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

खडक परत आला. हळूहळू आला. आधी शेवाळ खाणारे छोटे मासे, मग पोपटमासे, त्यांच्या चावण्याचा कडकड आवाज पाण्याखाली ऐकू यायचा. मग शिंगांसारखं, पानांसारखं, अक्रोडाच्या गरासारखं नवं प्रवाळ. बंद तुकड्यातले मासे बाहेर सांडायला लागले आणि बाहेर जाळी भरायला लागली. शहरातून पांढऱ्या गाड्या आल्या, आमचे फोटो काढले, आम्हाला टोप्या वाटल्या. टोप्यांवर मासा छापला होता, तोही आमच्याकडचा नव्हता.

मग पश्चिमेच्या टेकडीवर लाल फितींच्या खुंट्या आल्या.

त्या मला दिसल्या. मी नाल्याच्या काठाने कंद काढायला गेले होते. खुंट्यांची ओळ सरळ कायात शिरत होती. मी मामाकडे धावले. मामा आला, पहिल्या खुंटीपाशी थांबला, दुसरीपाशी, आणि मग असा चेहरा केला की मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. फिंगो पूर्वेला नव्हता. तो इथे होता, या खुंट्यांच्या आत.

सिमेंटच्या कंपनीने टेकडी घेतली होती. आमची सगळी टेकडी जुन्या प्रवाळाची आहे, कधीकाळी समुद्र तिथवर होता. त्या दगडाचा चांगला चुना होतो म्हणे. आणि नकाशावर ती टेकडी मोकळी होती. हद्द आखली होती चिंचेभोवती, विहिरीभोवती, म्वानामिसीमामीच्या बकरीच्या खुंट्याभोवती. तेवढं जंगल पवित्र, जगात एकमेव, कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही असं. बाकीचं, म्हणजे खरं, पडीक.

आंब्याखाली सभा भरली. कंपनीचा वकील, न्यागा नावाचा मोठा अधिकारी, आणि अख्खं गाव. मामा उभा राहिला.

"साहेब, मी त्या माणसाला खोटी जागा दाखवली होती."

गावात कुणी हसलं नाही. वकील हसला.

न्यागासाहेबाने चष्मा काढला. तो वाईट माणूस नव्हता, आणि यांच्यातला बहुतेक कुणी वाईट नसतो, तेच तर डोकं फिरवतं. "म्हातारबा, म्हणजे तुम्ही सरकारला फसवलं?"

"नाही. राखण केली."

"तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, हे मला कसं कळावं?"

"आमच्या शब्दावर."

"शब्दच तर दोन आहेत ना तुमचे," वकील म्हणाला. "एक चिंचेखालचा, एक आंब्याखालचा. आता तिसरं झाड शोधा."

मागे बसलेला म्वाकोयोकाका ओरडला, "तुझ्या आईला विचार तुझा बाप कोण, आणि मग पुरावा माग!" त्याला दोघांनी धरून बसवलं.

न्यागासाहेबाने निवाडा दिला नाही. त्याने एक वाट काढली, आणि वाट काढताना त्याला आपण किती न्यायी आहोत असं वाटलं असणार. तो म्हणाला, "म्हातारबा, ती वस्तू तिथे आहे ना? मग दाखवा. जाणकारांसमोर खणा. मडकं निघालं तर मी स्वतः हद्द हलवायला लावीन. तोवर यंत्रं थांबतील."

लोकांना ते बरोबर वाटलं. काहींनी टाळ्याही वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलेच होते, हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कायाच्या दगडावर चपलांचे दोनच जोड होते. मी धूपासाठी निखारे घेऊन गेले तर आतून दोघा म्हाताऱ्यांचं भांडण ऐकू येत होतं. मी बाहेरच थांबले.

"बाई गरोदर आहे हे दाखवायला कुणी पोट फाडतं का रे?" म्वाकोयोकाका म्हणत होता.

"मग काय करू? यंत्र येऊन फाडेल ते बघत बसू?"

"फाडू दे. फाडू दे त्याला! मडकं फुटलं तर पाप त्यांचं. तू काढलंस तर आपलं."

"आणि जंगल? पाप त्यांचं म्हणून झाडं परत उगवतील? नाल्यातून सगळी माती खाली जाईल, निम्वाकाच्या खडकावर." निम्वाका म्हणजे मी.

"चितेम्बे, जे कुणी पाहिलं नाही तेच राखतं. पाहिलं की मडकं होतं, बस्स मडकं."

धनेश पंख फडफडवत गेला, त्याच्या पंखांचा आवाज कुणीतरी धापा टाकतंय असा येतो. मग मामा म्हणाला, "थाप माझी. निस्तरायची मीच."

बाहेर आला तेव्हा त्याने मला पाहिलं. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "मामा, नका खणू."

"मग यंत्रापुढे कोण झोपणार? तू?"

"झोपेन."

"उचलून बाजूला ठेवतील, वेडे. टोपीसकट." त्याने माझ्या डोक्यावरची माशाची टोपी काढून माझ्या हातात दिली. कायाच्या दगडापाशी टोपी घालून उभी होते मी. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

खणायच्या दिवशी सगळे आले. मामाने सगळ्यांचे बूट काढायला लावले. वकिलाने विचारलं, "मोजे चालतील का?" मामा म्हणाला, "तुमच्या पायाला वास येत असेल तर चालतील." एवढाच त्या दिवशीचा विनोद.

आम्ही गावातले खुंट्यांच्या पुढे गेलो आणि मामाने हात वर केला तसे सगळ्यांनी पाठ फिरवली. राखणदाराखेरीज कुणी तिकडे बघायचं नाही. अख्खं गाव पाठ करून उभं होतं, आणि आमच्या पाठीमागे बघत होते ते फक्त परके. म्वाकोयोकाका आलाच नव्हता.

मी पाहिलं नाही. मी ऐकलं. कुदळ पहिल्यांदा पानांत पडली, मग मातीत, मग मुळांवर. मुळं तुटताना आवाज होतो, दोरखंड तुटल्यासारखा. मग कुदळ थांबली आणि हाताने माती उपसायला लागला मामा. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या शेजारी म्वानामिसीमामी उभी होती, तिने अंगावर गुंडाळलेल्या लेसोचं टोक तोंडात कोंबलं होतं.

मग वकिलाचा आवाज:

"हे? हा तर दगड आहे."

मी वळले. आता बघायचं नाही कशाला?

मडकं निघालं होतं, काळं, फुटबॉलएवढं. मुळांनी ते आतून-बाहेरून विणून धरलं होतं, त्यामुळे फुटूनही ते फुटलेलं नव्हतं. न्यागासाहेबाच्या जाणकाराने माती काढली. आत प्रवाळाचा एक गोळा होता, अक्रोडाच्या गरासारख्या वळ्यांचा.

"अख्खी टेकडी याच दगडाची आहे," वकील म्हणाला. "साहेब, असे मी ट्रकभर आणून देतो."

"हा टेकडीचा नाही," मी म्हटलं. "खडकावरचा आहे. समुद्रातून जिवंत आणलेला."

जाणकाराने गोळा उलटासुलटा केला. "असेलही," तो म्हणाला. "तपासावं लागेल."

मामा खड्ड्याच्या काठावर बसला होता, मातीचे हात गुडघ्यांवर ठेवून. त्याने त्या गोळ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, माझ्याशी बोलल्यासारखा म्हणाला, "समुद्र पुरला होता गं त्यांनी इथे."

त्यांनी मडकं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीवर चिठ्ठी लावली, पिशवी पांढऱ्या गाडीत ठेवली. न्यागासाहेबाने मामाचा हात हातात घेतला. "काळजी करू नका. अगदी जपून ठेवू." यंत्रं थांबली. त्याने शब्द पाळला, ते खरं.

मला वाटलं होतं, आपला शत्रू टेकडीवर आहे. पिवळं यंत्र, लाल फिती, मोजे घातलेला वकील. मी तिकडेच बघत राहिले.

मग एका सकाळी म्वानामिसीमामीकडे भाताला आलेली उकळी बघत बसले होते आणि चुलीतली काटकी दिसली. गुळगुळीत, राखाडी, तिच्या सालीवर पांढरे ठिपके. ते झाड कायाबाहेर कुठेच नाही.

"मामी, ही कुठली?"

"अगं वाळकी काडी आहे."

"कायातली आहे."

मामीने झाऱ्याने भात हलवला. माझ्याकडे बघितलं नाही. "कसली काया आता? मडकं तर शहरात गेलं."

"मामी!"

"ओरडू नकोस. मी रोज तिथून जाते, रोज काड्या पडलेल्या दिसतात. आधी भीती वाटायची म्हणून नाही उचलली. परवा उभी राहिले, म्हटलं वाटते का भीती, बघू. नाही वाटली, निम्वाका. मला स्वतःलाच रडू आलं. पण भात शिजवायचा होता."

मामीचा मला राग आला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. मामीनंतर पोरींनी मोळ्या आणल्या. मोळ्यांनंतर घराच्या वाशांसाठी सरळ खोडं. मग कोळशाच्या भट्ट्या. बाहेरून कुणी आलं नाही. सगळे आपले. प्रत्येकाला घर होतं, चूल होती, शाळेत जाणारं पोर होतं, आणि कंपनी उद्या नाहीतर परवा सगळं नेणारच आहे, तर आपण थोडं आज नेलं तर काय, असा हिशेब होता. तो हिशेब मला खोडता आला नाही. आजही येत नाही.

मामा रोज सकाळी जाऊन दगडावर बसायचा. कुणाला अडवायचा नाही. शब्द काय टाकणार, शब्द त्याने स्वतःच्या हाताने खणून काढून दिला होता. पण आमच्यात वडीलधाऱ्याच्या समोरून मुकाट जाता येत नाही. कुऱ्हाड खांद्यावर घेऊन येणारा माणूस त्याच्यापुढे थांबायचा, मान लववायचा आणि म्हणायचा, "शिकामो, मामा." मी तुमच्या पायाशी आहे, असा त्याचा अर्थ. आणि त्यावर वडीलधाऱ्याने "मरहबा" म्हणायलाच लागतं. न म्हणणं म्हणजे शाप.

मामा म्हणायचा. आत जाताना म्हणायचा, आणि लाकडं घेऊन बाहेर येताना तेच पोर परत "शिकामो" म्हणालं की परत म्हणायचा. मरहबा. मरहबा. दिवसभर.

मी एकदा किंचाळले त्याच्यावर. "एकदा तरी गप्प बसा! एकदा उत्तर देऊ नका, बघू कोण कुऱ्हाड उचलतो!"

"आणि खरंच कुणाचं वाईट झालं तर?" तो म्हणाला. "माझीच माणसं आहेत ती."

खडकावरही तेच झालं. ओहोटीला गेले तर बंद तुकड्यावर म्वाकोयोकाकाचा मोठा मुलगा शेहे गुडघाभर पाण्यात उभा, हातात बारीक जाळं. शपथ घेताना तो माझ्या शेजारी उभा होता, भीतीने त्याच्या हाताला घाम फुटला होता.

"शेहे, बाहेर ये."

"निम्वाका, घरी जा."

"शपथ घेतली होतीस."

"कुणाची? ज्याची घेतली तो शहरात कपाटात बसलाय. त्याच्या अंगावर चिठ्ठी लावलीय." तो हसला नाही, मलाच विचारत असल्यासारखा म्हणाला, "तो मला काय करेल गं? कपाटातून?"

मी जाळं धरलं. त्याने ओढलं. आम्ही दोघं पाण्यात पडलो, तो उठला, मला हात दिला, उठवलं, गुडघ्यातून रक्त येत होतं ते पुसायला स्वतःचा सदरा दिला. "मी नाही टाकलं तर पलीकडच्या गावचे टाकतील," तो म्हणाला. "कालच टाकून गेले." आणि परत जाळं टाकलं.

त्याचा बाप म्वाकोयोकाका त्याच्याशी बोलायचा बंद झाला. मामाशी तर तो खणल्या दिवसापासून बोलत नव्हता. गावातलं सगळ्यात वाईट तोंड मिटलं. त्याची एखादी शिवी ऐकायला मी काय दिलं असतं!

मोठा पाऊस आला तेव्हा टेकडी लाल झाली. झाडं असताना आम्हाला माहीतच नव्हतं की खालची माती इतकी लाल आहे. नाल्यातून ती कांदळवनात उतरली, कांदळवनाने धरता येईल तेवढी धरली, मग खाडी लाल, मग समुद्र लाल. पाऊस थांबल्यावर पाणी निवळलं, माती खाली बसली. प्रवाळावर बसली. शिंगांवर, पानांवर, सगळ्यावर साय धरल्यासारखी. मी हाताने पुसायला गेले. पुसलं तिथे खाली पांढरं होतं. दाबलं तर बोट आत गेलं. पोपटमाशांचा कडकड आवाज येत नव्हता. पाण्याखाली डोकं घालून कितीतरी वेळ वाट पाहिली.

आणि मग, माझ्या सगळ्या शिव्या जिथे जमा होतात तो दिवस. पांढऱ्या गाड्यांची रांग आली. न्यागासाहेब आला, हसतमुख. मडकं खरं निघालं होतं. फार जुनं. गोळा खडकावरचाच होता, माझं म्हणणं त्यांच्या प्रयोगशाळेला पटलं होतं. कंपनी हरली. हद्द हलली. पश्चिमेची अख्खी टेकडी राखीव. त्यांनी सिमेंटचे खांब आणले होते, हिरवी पाटी आणली होती, पाटीवर धनेशाचं चित्र. तोडलेल्या झाडांच्या खुंटांच्या मधोमध उभं राहून भाषण झालं. एक बाई जैवविविधतेवर बोलली. ती ज्या खुंटावर कागद ठेवून बोलत होती तो त्या जगात एकमेव झाडाचा होता. मला वाटलं तिला सांगावं. मग वाटलं, कशाला, तीही रडेल, आणि रडायला जागा कुठे शिल्लक आहे इथे?

न्यागासाहेबाने खोक्यातून मडकं काढून मामापुढे धरलं. त्याचे डोळे सगळीकडे फिरत होते. भाषणं होईपर्यंत त्याला बहुतेक कळलं होतं. आवाज उतरला होता.

"म्हातारबा... हे तुमचं. परत पुरा. जिथे होतं तिथेच. मग लोक परत..."

मामाने मडक्याला हात लावला नाही.

तेव्हा गर्दीतून म्वाकोयोकाका पुढे आला. इतक्या महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला.

"पोट फाडलंत," तो म्हणाला. "पोर काढलंत. मोजलंत, धुतलंत, हो, पोरच आहे म्हणालात. आता मेल्यावर परत पोटात घाला म्हणता?"

न्यागासाहेबाने मडकं हळूच खाली ठेवलं. आणि म्वाकोयोकाका जाऊन मामाच्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. गाड्या गेल्या तरी तसेच उभे होते.

मडकं शेवटी म्वाकोयोकाका घेऊन गेला. मामाने त्यातला गोळा काढून माझ्या हातात दिला. "हे तुझ्याकडचं आहे. खालून आलेलं. घेऊन जा."

मी नेला. उधाणाच्या ओहोटीला, जेव्हा खडक सगळ्यात उघडा पडतो तेव्हा, त्याला लेसोत बांधून घेऊन गेले. वाटलं होतं, त्याच्यासारखा एखादा जिवंत गोळा सापडेल, त्याच्या शेजारी ठेवून येईन. माझ्या ओळखीचे होते तसे. एक नाल्याच्या समोर होता, बसायच्या पाटाएवढा, मी लहान असल्यापासून. एक फटीच्या तोंडाशी. मी फिरले, भरती लागेपर्यंत फिरले. मग गोळा परत लेसोत बांधला आणि घरी आले. त्याला ठेवायला जागा नव्हती.

आल्यावर मामा म्हणाला, "चल, जरा वर जाऊन येऊ."

त्याला आता काठी लागते. आम्ही हळूहळू चढलो. हिरव्या पाटीवरचा धनेश उन्हाने फिका पडायला लागला होता. सपाट दगड होता तिथेच होता. त्याच्यावर एकही चप्पल नव्हती, आणि आतून तर माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी मुळं उकरत होतं, खोडं संपल्यावर आता मुळांचा कोळसा करतात.

मी सवयीने वाकले. डाव्या पायाचा पट्टा सोडला. काळं कापड मी बरोबर आणलं होतं, ते खांद्यावर घेतलं.

मामा माझ्या पुढून गेला. टायरच्या चपलेचा पहिला आवाज कायाच्या आत आला, फट्, मग दुसरा. आयुष्यभरात तो आवाज मी तिथे ऐकला नव्हता. चार पावलं गेल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. मी एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल अशी उभी.

"घाल गं परत," तो म्हणाला. "खुंट लागतील पायाला."